पेशीचे रूप आणि रोगाचे मूळ

रक्ताच्या कर्करोगांची काही नावे डोळ्यांनी ठेवलेली आहेत. ‘केसाळ पेशींचा ल्युकेमिया’ म्हटले की सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसत असेल याची कल्पना वैद्यक न शिकलेल्यालाही येते. ‘प्रोलिम्फोसायटिक ल्युकेमिया’ हे नाव तितके बोलके नाही, पण तेही पेशीकडे पाहूनच ठेवलेले. पहिल्या आजाराचे सविस्तर वर्णन १९५८ साली झाले, दुसऱ्याचे १९७४ साली. पुढे पेशीच्या आतला जनुकीय मजकूर वाचता येऊ लागला आणि या दोन नावांच्या वाटा फुटल्या. २०११ साली केसाळ पेशींच्या आजाराचे जनुकीय मूळ सापडले आणि ते नाव अधिकच पक्के झाले. बी-पेशींच्या प्रोलिम्फोसायटिक ल्युकेमियाचे नाव मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या वर्गीकरणातून स्वतंत्र आजार म्हणून वगळले गेले.

दोन्ही वर्णने अनुभवी निरीक्षकांची होती. मग एक का टिकले आणि दुसरे का विरघळले? पांढऱ्या पेशीच्या बदललेल्या रूपावर किती भरवसा ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर या फरकात आहे. त्या उत्तराच्या आधारे दुर्मीळ जुनाट ल्युकेमियांतील पेशीरूपांची मांडणी करण्याचा हा प्रयत्न आहे.

१. विषयाची व्याप्ती

रुडॉल्फ फिर्खो याने १८४७ साली ‘ल्युकेमिया’ हा शब्द दिला. त्याचा अर्थच ‘पांढरे रक्त’. तीव्र ल्युकेमियात रक्तात ब्लास्ट म्हणजे अगदी कोवळ्या पेशी दिसतात आणि त्या सहसा नजरेतून सुटत नाहीत. जुनाट ल्युकेमियात पेशी वरवर प्रौढ असतात. निरोगी पेशीशी त्यांचे इतके साम्य असते की फरक कडेवर, केंद्रकाच्या घडीत किंवा पेशीद्रवातल्या चार दाण्यांत शोधावा लागतो.

जुनाट ल्युकेमियांपैकी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया आपल्याकडे सर्वाधिक आढळतो. पाश्चात्त्य देशांत नेहमी दिसणारा क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया भारतात तुलनेने कमी. त्याहून विरळ असलेले आजार या लेखाचा विषय आहेत. सर्व ल्युकेमियांत केसाळ पेशींच्या ल्युकेमियाचा वाटा सुमारे २ टक्के धरला जातो. दुर्मीळतेचा परिणाम निदानावरही होतो. रोज रक्ताचे शंभर लेप पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टसमोरही असा लेप क्वचितच येतो. त्यामुळे नुसत्या सवयीवर भागत नाही. काय पाहायचे आणि ते का दिसते, हे आधी माहीत असावे लागते.

२. काचेवर घडणारे रूप

पेशी शरीरात जशी असते तशी काचपट्टीवर दिसत नाही. थेंब पसरतो, सुकतो, अल्कोहोलने पक्का होतो आणि मग रंगतो. भारतीय प्रयोगशाळांत सर्रास वापरला जाणारा लिशमन रंग विल्यम लिशमन याने १९०१ साली प्रसिद्ध केला. इओसिन आणि मेथिलिन ब्ल्यू यांच्या संयोगातून केंद्रक जांभळे, पेशीद्रव निळसर आणि दाणे आपापल्या रंगात उमटतात. रंगाला लागणाऱ्या पाण्याची आम्लता बिघडली तरी लेप निळाभोर किंवा लालभडक होतो, आणि दाण्यांविषयीचे मत तिथेच चुकते.

रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीत ते तासन्‌तास पडून राहिले की केंद्रकांना खोटे खाच-खळगे पडतात आणि पेशीद्रवात पोकळ्या तयार होतात. लेप सावकाश सुकला की साध्या लिम्फोसाइटच्या कडेलाही धागे फुटल्यासारखे दिसतात. लेपाच्या जाड भागात पेशी आकसते, शेपटाकडच्या भागात ती चपटी होते. म्हणून तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम टेकलेल्या असतात तेवढाच पट्टा वाचायचा. नमुना तालुक्याच्या गावाहून शहरात पाठवायचा असेल तर नळीबरोबर जागेवरच केलेले दोन ताजे, न रंगवलेले लेप पाठवणे हा खोट्या रूपांवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

काचेवर घडलेले सगळेच मात्र टाकाऊ नसते. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात लेपावर फुटलेल्या पेशींचे जांभळे डाग दिसतात. गुंप्रेख्ट याने १८९६ साली त्यांचे वर्णन केले. पेशीच्या आतला व्हिमेंटिन नावाच्या प्रथिनाचा सांगाडा कमकुवत असल्यामुळे लेप ओढताना ती फुटते. रक्तात थोडे अल्ब्युमिन मिसळले की हे फुटणे कमी होते; म्हणजे डाग काचेवरच तयार होतो. तरीही ज्या रुग्णांत असे डाग अधिक, त्यांचा आजार सहसा संथ चालतो असे आढळले आहे. तेव्हा कृत्रिम रूप दिसल्यावर दोन गोष्टी विचारायच्या: ते कशामुळे झाले, आणि ते याच पेशींना का झाले?

३. मूळ बदलाची सही: केसाळ पेशी

पेरूमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेतील ओहायो राज्यात काम करणाऱ्या डॉ. बर्था बुरॉन्कल यांनी १९५८ साली २६ रुग्णांचे वर्णन केले. त्यांनी नाव दिले ‘ल्युकेमिक रेटिक्युलोएन्डोथेलिओसिस’. ‘केसाळ’ हे विशेषण १९६६ साली श्रेक आणि डॉनेली यांच्या निबंधात आले. जिवंत पेशी त्यांनी फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. केस काचेवर सुकताना उगवलेले नाहीत, जिवंत पेशीलाच आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

ही पेशी साध्या लिम्फोसाइटच्या दीड-दोन पट मोठी असते. केंद्रक लंबगोल किंवा मूत्रपिंडासारखे, त्यातले क्रोमॅटिन घासलेल्या काचेसारखे एकसारखे फिके, केंद्रकातला ठिपका म्हणजे केंद्रिका जवळजवळ अदृश्य. पेशीद्रव भरपूर आणि करडे-निळसर. त्याच्या कडेला सर्व बाजूंनी बारीक, असमान तंतू. ‘सर्व बाजूंनी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पाणथरीच्या मार्जिनल झोन लिम्फोमातही लिम्फोसाइटला तंतू फुटतात, पण ते आखूड असतात आणि बहुधा पेशीच्या एका किंवा दोन टोकांना झुबक्याने येतात.

पेशी कोणत्या कुळातली यावर बराच काळ वाद होता. बुरॉन्कल यांनी दिलेल्या नावातच एक कूळ गृहीत होते आणि ते चुकीचे ठरले. कोणी ती मोनोसाइट मानली, कोणी लिम्फोसाइट. १९८०च्या दशकात प्रतिपिंडांच्या जनुकांची फेरमांडणी तपासल्यावर ती बी-लिम्फोसाइट असल्याचे पक्के झाले. ‘हे सगळे रुग्ण एकाच आजाराचे’ हे डोळ्यांनी बरोबर ओळखले होते. पेशीचे आईबाप मात्र डोळ्यांना सांगता आले नाहीत.

२०११ साली इटलीतील पेरूजा येथे एन्रिको तियाच्ची, ब्रुनो फालिनी आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या पेशींतील प्रथिने घडवणारी सर्व जनुके वाचली. त्यांना बीआरएएफ जनुकात एका अक्षराचा बदल सापडला: प्रथिनाच्या ६००व्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामेट. त्यानंतर तपासलेल्या ४७ रुग्णांपैकी प्रत्येकात हाच बदल होता. बी-पेशींच्या इतर लिम्फोमांच्या १९५ रुग्णांत एकातही नव्हता. या बदलामुळे वाढीचा संदेश पेशीत अखंड वाहत राहतो. पुढे प्रयोगशाळेत केसाळ पेशींवर हा संदेश तोडणारी औषधे घातली तेव्हा पेशींचे केस गळून त्या गुळगुळीत झाल्या. केस म्हणजे ॲक्टिन प्रथिनाच्या आधाराने उभ्या राहिलेल्या पेशीपटलाच्या झालरी, आणि त्यांना उभे ठेवणारा हुकूम त्याच बिघडलेल्या जनुकाचा. १९५८ साली सूक्ष्मदर्शकाने टिपलेले रूप आणि २०११ साली सापडलेला जनुकबदल यांच्यात थेट कार्यकारण होते. नाव टिकले ते यामुळे.

इथेही अपवाद आहेत. थोड्या रुग्णांत बीआरएएफ बदल नसतो. त्यांपैकी काहींत त्याच साखळीतला पुढचा दुवा, एमएपी२के१, बिघडलेला असतो.

४. वेगाची खूण: केंद्रिका

डेव्हिड गॅल्टन आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली प्रोलिम्फोसायटिक ल्युकेमियाचे वर्णन केले. पाणथरी प्रचंड, गाठी फारशा नाहीत, पांढऱ्या पेशी अनेकदा घन मिलिमीटरला लाखाच्या वर. आणि पेशीच्या मध्यभागी एकच ठसठशीत केंद्रिका, जणू वर्तुळात ठेवलेला मणी. पुढे निकष ठरला: रक्तातील लिम्फोसाइटांपैकी ५५ टक्क्यांहून अधिक पेशी अशा हव्यात.

निकष नेमका होता, पण तो ज्या खुणेवर उभा होता ती खूण मुळात कोणत्याही एका आजाराची नव्हती. केंद्रिका म्हणजे रायबोसोम घडवण्याचा कारखाना. पेशीला प्रथिने घाईने लागू लागली की कारखाना फुगतो, मग घाईचे कारण काहीही असो. पेशीची गती त्यातून कळते, कूळ कळत नाही. त्यामुळे गुणसूत्रे तपासली तेव्हा ‘बी-प्रोलिम्फोसायटिक’ या नावाखाली निरनिराळे आजार जमा झालेले दिसले. काही रुग्णांत ११ आणि १४ क्रमांकांच्या गुणसूत्रांची अदलाबदल होती, म्हणजे तो मॅन्टल सेल लिम्फोमा होता. काहींत जुना क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच वेग घेत होता. २०२२च्या वर्गीकरणाने हे रुग्ण आपापल्या जागी पाठवले. उरलेल्यांना केसाळ पेशींच्या ल्युकेमियाच्या ‘व्हेरियंट’बरोबर एकत्र करून ‘ठळक केंद्रिकांचा पाणथरीचा बी-पेशी लिम्फोमा/ल्युकेमिया’ हे लांबलचक नाव दिले. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने जुने नाव ठेवले आहे. म्हणजे मतभेद मिटलेला नाही. गंमत अशी की नव्या नावातही केंद्रिका आहेच. मूळ कारण हाती लागेपर्यंत नामकरणाला दिसण्याचाच आधार घ्यावा लागतो.

टी-पेशींच्या प्रोलिम्फोसायटिक ल्युकेमियातून हाच मुद्दा उलट बाजूने दिसतो. तिथे बहुतेक रुग्णांत १४ क्रमांकाच्या गुणसूत्रातील उलथापालथीने टीसीएल१ए जनुक जागे झालेले असते, म्हणून आजार एकसंध मानला जातो. पेशी मात्र एकसारख्या दिसत नाहीत. नेहमीच्या पेशीला केंद्रिका असते आणि कडेला पेशीद्रवाचे फुगवटे. सुमारे पाचव्या हिश्श्याच्या रुग्णांत पेशी लहान असते आणि साध्या सूक्ष्मदर्शकाला तिची केंद्रिका दिसतच नाही. मूळ एक आणि रूपे दोन. केंद्रिकेवर विसंबणारा निरीक्षक इथे हमखास फसतो.

५. सामायिक वाट: दाणेदार पेशी

रूपांचा आणखी एक गट आहे. त्यात रूप खरे असते, मूळ बदलाशी त्याचे नातेही असते, पण तेच रूप निरोगी शरीरही धारण करते.

क्रॉनिक न्यूट्रोफिलिक ल्युकेमिया अतिशय दुर्मीळ. रक्तात प्रौढ न्यूट्रोफिल भरमसाट, त्यांत गडद दाणे, कधी निळसर डोले पिंड. डॉक्टरांच्या भाषेत याला ‘टॉक्सिक ग्रॅन्युलेशन’ म्हणतात आणि ते दिसले की पहिला विचार जंतुसंसर्गाचा येतो. तो रास्तच आहे. संसर्गात शरीर जी-सीएसएफ हे संप्रेरकासारखे द्रव्य सोडते. त्याच्या घाईत तयार झालेले न्यूट्रोफिल असे दिसतात. या ल्युकेमियात त्याच द्रव्याचा ग्राहक, सीएसएफ३आर, जनुकबदलाने कायमचा चालू राहतो, हे २०१३ साली उघड झाले. घंटा कोणी वाजवलेली नाही, पण ती वाजतेच आहे, आणि पेशीला फरक कळत नाही. मग सूक्ष्मदर्शकाने तरी तो कसा सांगावा? निवाडा संसर्ग नसल्याची खात्री, महिनोन्‌महिने टिकणारी वाढ आणि जनुक तपासणी यांवर होतो.

लार्ज ग्रॅन्युलर लिम्फोसाइट ल्युकेमियातही असेच. मोठा लिम्फोसाइट, फिके पेशीद्रव, त्यात विखुरलेले लालसर-जांभळे दाणे. या दाण्यांत परफोरिन आणि ग्रॅन्झाइम असतात. विषाणूबाधित पेशी मारण्याची ही निरोगी पेशीची हत्यारे. म्हणजे पेशी दिसायला पूर्ण निर्दोष असते. दोष असतो तिच्या संख्येत, सहा महिन्यांहून अधिक टिकण्यात आणि सगळ्या पेशी एकाच पेशीची संतती असण्यात. स्टॅट३ जनुकातील बदल बऱ्याच रुग्णांत सापडतो. ही माहिती २०१२ची. संधिवाताचा जुना रुग्ण, सतत कमी असलेले न्यूट्रोफिल आणि लेपावर दाणेदार लिम्फोसाइट, असे तिन्ही एकत्र आले की हे नाव आठवायला हवे.

६. केंद्रकाची घडी

काही टी-पेशींच्या आजारांत बदल केंद्रकाच्या आकारात असतो. अल्बेर सेझारी आणि बुव्रां यांनी १९३८ साली सर्वांगाची त्वचा लाल झालेल्या रुग्णांच्या रक्तात विलक्षण पेशी पाहिल्या. त्यांचे केंद्रक मेंदूच्या पृष्ठभागासारखे वळ्यावळ्यांचे असते. जपानमध्ये क्योतोच्या संशोधकांनी १९७७ साली प्रौढांच्या टी-पेशी ल्युकेमियाचे वर्णन केले. त्यात केंद्रकाला फुलाच्या पाकळ्यांसारखे खंड पडतात. रुग्ण मुख्यतः क्यूशूकडचे होते, आणि या भौगोलिक धाग्यातून पुढे एचटीएलव्ही-१ विषाणूशी संबंध जुळला. आजाराच्या जुनाट प्रकारात पाकळ्या तितक्या ठळक नसतात. तिथे रुग्णाचा मुलूख आणि विषाणूची तपासणी हे आकारापेक्षा अधिक बोलतात.

क्रॉनिक मायलोमोनोसायटिक ल्युकेमियात अडचण आणखी बारीक आहे. विचित्र पण प्रौढ मोनोसाइट आणि प्रोमोनोसाइट यांत फरक करायचा असतो, तोही केंद्रकाची घडी किती नाजूक आणि क्रोमॅटिन किती विरळ एवढ्यावरून. प्रोमोनोसाइट ब्लास्टमध्ये मोजले जातात, म्हणून दोन पॅथॉलॉजिस्टांचे मत वेगळे पडले तर आजाराची पायरीच बदलते.

७. निदानाचा क्रम

केसाळ पेशींच्या आजारातील सर्वांत मोठी चूक लेप पाहण्याआधीच होते. रुग्ण बहुधा पन्नाशीचा पुरुष. पुरुषांत हा आजार स्त्रियांच्या सुमारे चौपट. थकवा, वारंवार ताप, पोटाच्या डाव्या बाजूला जडपणा. पाणथरी वाढली म्हणजे आपल्याकडे हिवताप, यकृताचा विकार किंवा पूर्वेकडच्या राज्यांत काळा आजार आधी मनात येतो. त्यात सीबीसीच्या कागदावर पांढऱ्या पेशी सहसा वाढलेल्या नसतात. बहुधा हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी तिन्ही कमी. ‘ल्युकेमिया असता तर काउंट वाढला असता’ हे वाक्य इथे घातक ठरते.

दुसरा सापळा यंत्राचा. या आजारात खरे मोनोसाइट जवळजवळ नाहीसे होतात आणि ही निदानाची मोलाची खूण आहे. पण स्वयंचलित गणकयंत्र केसाळ पेशींनाच मोनोसाइट समजून मोजते. यंत्राचा आकडा ‘मोनोसाइट ठीक’ म्हणतो आणि खूण झाकली जाते. मोनोसाइटच्या या तुटवड्यामुळे क्षयाच्या कुळातल्या जंतूंचा धोकाही वाढतो, त्यामुळे तापाचे कारण क्षयावर ढकलून थांबणे दुहेरी महागात पडू शकते.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी लेप विश्वासार्ह आहे का ते पाहावे. मग कोणत्या पेशी गैरहजर आहेत ते मोजावे. त्यानंतर संशयित पेशीची कड, केंद्रक, केंद्रिका आणि पेशीद्रव वेगवेगळे नोंदवावे. पेशी विरळ असतील तर बफी कोटचा, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या थराचा, लेप करावा. अस्थिमज्जा सुईत येत नसेल, म्हणजे ‘ड्राय टॅप’ झाला, तर हात चुकला असे समजू नये; केसाळ पेशींभोवती रेटिक्युलिनचे जाळे विणले गेल्याने मज्जा ओढली जात नाही. हाडाचा तुकडा घेतला की त्यात या पेशी एकमेकींपासून अंतर राखून, तळलेल्या अंड्यांसारख्या मांडलेल्या दिसतात. पूर्वी १९७१ साली आलेली टार्ट्रेटरोधी ॲसिड फॉस्फटेजची रंगचाचणी करत. आता फ्लो सायटोमेट्रीत सीडी११सी, सीडी२५, सीडी१०३ आणि सीडी१२३ या चार खुणा एकत्र शोधतात आणि शेवटी बीआरएएफ तपासतात.

अहवालाच्या भाषेलाही यात वजन आहे. ‘ॲटिपिकल लिम्फोसाइट दिसले’ एवढ्या ओळीतून पुढच्या डॉक्टरला काहीच दिशा मिळत नाही. ‘सर्व बाजूंनी तंतू, केंद्रिका नाही, मोनोसाइट नाहीत’ असे लिहिले की पुढची तपासणी आपोआप ठरते.

ही काटेकोरता उपचारासाठी लागते. १९९० साली क्लॅड्रिबिन या औषधाच्या एकाच सात दिवसांच्या फेरीत १२पैकी ११ रुग्णांचा केसाळ पेशींचा आजार पूर्ण ओसरल्याचे प्रसिद्ध झाले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पाणथरी काढणे हाच मुख्य इलाज असे. दिसायला जवळच्या ‘व्हेरियंट’मध्ये हेच औषध एकटे फारसे चालत नाही. दाणेदार लिम्फोसाइटच्या आजाराला अनेकदा आठवड्यातून एकदा घ्यायचे मेथोट्रेक्सेट पुरते, तर टी-प्रोलिम्फोसायटिक ल्युकेमिया जुनाट आजारांच्या यादीत असूनही झपाट्याने बळावतो.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पेशीरूपांचे चार वर्ग पडतात. काही रूपे काचेवर घडतात. ती आधी बाजूला काढावीत, पण फुटलेल्या पेशींच्या डागांसारखी काही राखून ठेवावीत. काही रूपे पेशीची घाई सांगतात. ठळक केंद्रिका त्यांत येते आणि तिच्यावर आजाराचे नाव उभारू नये. काही रूपे निरोगी शरीराच्याच वाटेने येतात; गडद दाण्यांचा न्यूट्रोफिल आणि दाणेदार लिम्फोसाइट तसे, त्यांना काळाची आणि जनुकाची साक्ष लागते. आणि काही थोडी रूपे मूळ बिघाडातूनच उगवतात. केसाळ पेशी हे त्यांचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. वळ्यावळ्यांचे किंवा पाकळ्यांचे केंद्रक यांपैकी कोणत्या वर्गात बसवावे हे त्याच्या घडीमागचे कारण पूर्ण उलगडेल तेव्हा ठरेल; तोवर त्यावरून संशय घ्यावा, शिक्कामोर्तब करू नये.

लेप वाचणाऱ्याने म्हणूनच दोन नोंदी करायच्या: काय दिसले, आणि ते या चारांपैकी कोणत्या वर्गातले. १९५८ साली पहिली नोंद तेवढी करता येत होती. दुसरी करण्याची सोय आज आहे, मात्र पहिली नीट झाली असेल तरच. बीआरएएफची तपासणी आपणहून कोणी मागवत नाही. पाणथरी वाढलेल्या माणसाच्या लेपावर, मोनोसाइट म्हणून मोजल्या गेलेल्या दोन-चार पेशींच्या कडेला केस आहेत हे कोणाला तरी आधी दिसावे लागते.